जुन्या टाटा ४०७ टेम्पोची पुढची काच काढायची आणि बसवायची कशी (रबरवाली काच, दोरीची पद्धत, पहिल्यापासून शेवटपर्यंत)

आमच्याकडे ४०७ आहे, २००३ चं मॉडेल. सीझनला नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो, बाकी वेळी माळशेज उतरून मुरबाड-कल्याणकडची भाडी. या गाडीची पुढची काच आतापर्यंत तीनदा बदलून झाली. पहिल्यांदा बाहेर एका ठिकाणी बसवून घेतली, दोन तासात गाडी हातात दिली आणि पहिल्याच मोठ्या पावसात माळशेजला डाव्या कोपऱ्यातून पाणी सरळ क्लीनरच्या गुडघ्यावर. दुसऱ्यांदा मी आणि माझ्या चुलतभावाने घरीच बसवायला घेतली, कोपरा जात नव्हता म्हणून मुठीने ठोकलं आणि नवीकोरी काच तिथूनच तडकली, पैसे गेले आणि एक ट्रिप पण गेली. तिसऱ्यांदा मात्र सगळं शांतपणे, दोन दिवस घेऊन केलं, त्याला आता चार पावसाळे झाले, एक थेंब आत नाही.

या तीन वेळांतून एक गोष्ट पक्की कळली आणि ती आधीच सांगतो. काच बसवणं हे खरं तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. खरं काम आहे ती काच जिच्यावर बसते त्या पत्र्याच्या कडेचं. पाणी येतं ते कडेमुळे, विनाकारण तडा जातो तोही कडेमुळे, आणि घाई सगळे नेमकी तिथंच करतात. म्हणून या लेखात पण कडेवर जास्त लिहिलंय, कंटाळा न करता वाचा.

आधी बघा तुमची काच कोणत्या प्रकारची आहे

जुन्या ट्रक-टेम्पोची पुढची काच रबरात बसवलेली असते. काचेच्या चारी बाजूंनी बोटभर रुंद काळं रबर दिसतं, त्याला एका अंगाला खाच असते ज्यात काच बसते आणि दुसऱ्या अंगाला खाच असते जी केबिनच्या पत्र्याच्या कडेवर चढते. काही रबरांच्या बाहेरच्या तोंडावर मधोमध एक वेगळी बारीक पट्टी दाबून बसवलेली असते, काळी किंवा चकचकीत, तिला आमच्याकडे लॉकपट्टी म्हणतात. ती पट्टी रबराला फुगवून काचेवर आणि पत्र्यावर घट्ट दाबते, शोभेसाठी नसते ती. नखाने उचलून बघा, वेगळी निघत असेल तर तुमचं लॉकपट्टीवालं रबर आहे.

नव्या गाड्यांची काच थेट पत्र्याला चिकटवलेली असते, पीयू (पॉलीयुरेथेनचं घट्ट चिकटवण) लावून. तशी असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, ती तारेने कापून काढावी लागते आणि तिचं चिकटवण पुरेसं सुकेपर्यंत गाडी हलवायची नसते, ती काचवाल्याकडूनच करून घ्या.

आणि अजून एक, काच खरंच बदलायची गरज आहे का तेही बघा. खडी उडून एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान टिकली पडली असेल, ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर नसेल आणि कडेपासून लांब असेल तर रेझिन भरून चालतं, काच काढायची गरज नाही. पण तडा काचेच्या कडेपर्यंत पोचला असेल तर थांबू नका, तो खड्ड्यागणिक वाढतच जातो आणि पासिंगला पण गाडी अडकते.

दगड न लागता कडेपासून तडा निघाला असेल तर समजायचं की खाली पत्र्यावर कुठंतरी उंचवटा आहे, गंजाचा फुगा किंवा वेल्डिंगचा थेंब, आणि तो काचेला आतून एकाच जागी रेटतोय. अशा वेळी नुसती काच बदलून काही होत नाही, नवी पण तिथूनच जाणार. तडा कडेवर जिथून सुरू झाला त्या जागेसमोर पत्र्यावर आधीच टेपचा तुकडा लावून ठेवा, काच निघाल्यावर पहिलं तिथं बघायचंय.

काच आणि रबर घेताना

पुढची काच लॅमिनेटेडच पाहिजे. म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबीचा पारदर्शक पडदा, फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात, तोंडावर येत नाहीत. दरवाजाची असते ती टफन्ड, ती फुटली की साखरेसारखा चुरा होतो, पण चुरा पडायच्या आधी अख्खी काच एका क्षणात पांढरी होते आणि समोरचं दिसायचंच बंद होतं. चालत्या गाडीला असं झालं तर काय होईल ते सांगायला नको. कोणी स्वस्तात टफन्ड काच कापून देतो म्हणालं तर सरळ उठून या. (टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की नंतर कापताच येत नाही, तेव्हा कापून देतो म्हणणारा बहुतेक साधी काच देतोय.) काचेच्या कोपऱ्यात बारीक छापलेलं असतं ते वाचा, आयएसआयची खूण, लॅमिनेटेड असा शब्द, आणि आयएस २५५३ हा आकडा. काच रंगीत घेत असाल तर मोटार वाहन नियमात पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे असं आहे, आणि फिल्म लावण्यावर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने बंदी आली होती.

दुकानातून काच उचलायच्या आधी ती उजेडासमोर धरून चारी कडा बोटाने नाही, डोळ्याने तपासा. कडेला तांदळाएवढा जरी टवका असला तरी घेऊ नका, बसवताना ताण येतो तो कडेवरच आणि त्या टवक्यापासूनच तडा सुरू होतो. काच कायम उभी ठेवायची, खाली गोणपाट किंवा दोन लाकडी पट्ट्या, भिंतीला किंचित तिरकी. आडवी ठेवून वर काही ठेवलं की वाकलेली काच मधून दबते. आणि वजनाचा अंदाज असू द्या, ६ मिमी जाडीच्या काचेचं एका चौरस मीटरला साधारण १५ किलो भरतं, एकट्याने उचलता येते पण एकट्याने नीट धरता येत नाही. दोन माणसं पाहिजेतच.

रबर नवीनच घ्या, यात काटकसर करू नका. जुनं रबर वरून चांगलं दिसतं पण दुमडून बघा, घडीवर बारीक भेगा पडल्या तर ते गेलेलं आहे. वर्षानुवर्षं उन्हात राहून रबर आकसतं, मग कोपरे ओढले जातात आणि नेमकं कोपऱ्यातून पाणी येतं. गाडीचं मॉडेल सांगून अखंड कडं मिळालं तर उत्तम, मीटरवर कापून घेणार असाल तर जुन्या रबराचा तुकडा दुकानात न्या, दोन्ही खाचांची रुंदी आणि खोली जुळवून घ्या, नुसतं डोळ्याला सारखं दिसतं म्हणून घेऊ नका. एक खाच काचेच्या जाडीची असते, एक पत्र्याच्या जाडीची, हा फरक दोन-तीन मिलिमीटरचाच असतो पण सगळा खेळ त्यावर आहे.

बाकी सामान घरात असतंच: साधारण ५ मिमीची गुळगुळीत नायलॉनची दोरी (सुतळी अजिबात नको, ती तुटते आणि तिचे धागे रबरात राहतात), भांडी घासायचं लिक्विड, कटर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साईड किंवा इपॉक्सी प्रायमर, गाडीच्या रंगाचा थोडा रंग, जाड हातमोजे, डोळ्याला गॉगल, दोन जुन्या गोधड्या. आणि बांबूची चीप. वीतभर लांब, बोटभर रुंद, टोकाला पातळ केलेली आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेली. स्क्रू ड्रायव्हर रबर फाडतो आणि काचेला टवका पाडतो, बांबू दोन्ही करत नाही. माझ्याकडे प्लॅस्टिकचे बाजारातले टूल पण आहेत पण हात शेवटी बांबूकडेच जातो.

काच काढणे

वेळ सकाळची घ्या, पण रबर अर्धा तास उन्हात तापू द्या, थंडीत रबर लाकडासारखं होतं. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, बोनेटवर एक गोधडी, डॅशबोर्डवर दुसरी. डॅशबोर्डला हवेच्या जाळ्या असतील तर त्यांच्यावर टेप मारा, काचेचा चुरा आत गेला की पुढं सहा महिने ब्लोअर लावला की डोळ्यात येतो.

वायपर सुरू करून बंद करा म्हणजे ते आपल्या जागेवर येऊन थांबतील, पात्यांची जागा खालच्या रबरापासून किती बोटं आहे ते मोजून ठेवा किंवा फोनवर फोटो काढा, मग नट सोडून आर्म काढा. आर्म गंजून बसला असेल तर हातोडी नको, थोडं गंजाचं तेल मारून दहा मिनिटं थांबा आणि डावी-उजवीकडे हलवत काढा.

फास्टॅगचं आत्ताच सांगतो कारण हे सगळे विसरतात. टॅग काचेवरून सोलला की खराब होतो, तो मुद्दाम तसाच बनवलेला असतो. त्यामुळे काच काढायच्या आधी बँकेकडून बदली टॅग मागवून ठेवा, नाहीतर नवी काच लावून टोलवर उभं राहाल आणि जास्त भराल. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) लावली असेल तर काचेवरच्या त्या रंगीत स्टिकरचं पण तसंच, ते काढलं की फाटतं.

आता दोन रस्ते आहेत. काच फुटलेली आहे, रबर पण टाकायचंय, मग सोपं. लॉकपट्टी असेल तर तिचा जोड शोधा, चिपेने टोक उचला आणि अख्खी ओढून काढा. मग कटरने बाहेरून रबराचा काचेवर आलेला ओठ चारी बाजूंनी कापून काढा, कटर काचेला समांतर धरायचा आणि स्वतःकडे ओढायचा नाही. ओठ निघाला की काच नुसती टेकलेली राहते, एकाने आतून तळव्यांनी वरच्या बाजूला हळू ढकलायचं, दुसऱ्याने बाहेरून धरायचं. काच जास्त फुटलेली असेल तर आधी दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या मारून घ्या म्हणजे ती गठ्ठ्याने निघते.

दुसरा रस्ता, काच चांगली आहे पण गंजाचं काम करायचंय म्हणून काढायचीय. इथं धीर लागतो. लॉकपट्टी काढली की रबर निम्मं सैल पडतं. मग आत बसून वरच्या एका कोपऱ्यापासून रबराचा आतला ओठ चिपेने पत्र्याच्या कडेवरून बाहेरच्या अंगाला लोटत जायचा, साबणाचं पाणी सोडत सोडत. वीतभर ओठ सुटला की तिथंच कोपऱ्याजवळ तळव्याने रबरावर आणि काचेच्या कडेवर रुंद दाब द्यायचा. काचेच्या मधोमध पाय लावून ढकलणारे बघितलेत मी, निघते पण कधी कधी, बहुतेक वेळा मधून तडकते, कारण लॅमिनेटेड काचेला वाकणं सहन होत नाही. वरचे दोन्ही कोपरे आणि मधली बाजू सुटली की बाकी काच रबरासकट पुढे झुकते, बाहेरच्याने ती अंगावर घ्यायची. बाहेर माणूस तयार असल्याशिवाय आतून ढकलायला सुरुवातच करू नका.

पत्र्याची कड, म्हणजे खरं काम

काच निघाली की सगळ्यात आधी झाडून घ्या, ब्रशने आणि जमलं तर व्हॅक्युमने, सीटच्या फटीतून पण. मग कडेवरचा जुना मसाला (फट बुजवायचं सीलंट), डांबरासारखं जे काही असेल ते खरवडून काढा आणि रॉकेल किंवा थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.

आता बोटावर हातमोजा घालून अख्ख्या कडेवरून हळूहळू बोट फिरवा. हे मी मनापासून सांगतोय, डोळ्याला न दिसणारं बोटाला कळतं. आमच्या गाडीला बोट फिरवताना डाव्या खालच्या कोपऱ्यात कड एकदम जाड लागली, रंग अखंड होता, वरून काही कळत नव्हतं. स्क्रू ड्रायव्हरने टोचलं तर टोक पापडातून जावं तसं आरपार. रंगाखाली पत्रा संपलेला होता आणि गंज फुगून कड दुप्पट जाड झालेली, म्हणजे पाणी पण तिथूनच येत होतं आणि दुसऱ्या काचेला मी मूठ मारली तो कोपरा पण हाच. काच जात नव्हती कारण खाचेत जागाच नव्हती, आणि मी दोष देत होतो रबराला.

खालचे दोन कोपरे जास्त जातात कारण रबराखाली शिरलेलं पाणी तिथंच साठतं, धूळ बसते, चिखल होतो आणि पावसाळा संपला तरी महिनाभर ओल राहते. वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८० चा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. बारीक खड्ड्यांत गंज राहिलाच तर गंज मारायचं फॉस्फोरिकवालं केमिकल मिळतं ते लावा, सांगितलेला वेळ थांबा, धुऊन पूर्ण सुकवा.

भोक पडलं असेल तर पुट्टीने बुजवू नका. पुट्टी पाणी पिते आणि गाडी हलली की सुटते. डेंटरकडून सडका भाग कापून २० गेजचा पत्रा वेल्ड करून घ्या आणि समोर उभं राहून सांगा की वेल्डिंग घासून दोन्ही बाजूंनी कडेच्या बरोबरीत आलं पाहिजे. डेंटर लोक पुढून छान घासतात, आतली बाजू तशीच सोडतात. रबराच्या खाचेला ठराविक जाडीचाच पत्रा लागतो, वेल्डिंगची मणी राहिली की त्या जागी काचेवर कायमचा दाब. जाडी मोजायला व्हर्नियर नसेल तर नव्या रबराचा चार बोटं तुकडा घ्या (मीटरवर घेतलं असेल तर थोडं जास्तच घ्यायचं ते याच्यासाठी) आणि तो सगळ्या कडेवर चढवून सरकवत न्या, जिथं अडेल तिथं घासा. अख्खं कडं घेतलं असेल तर जुन्या रबराचा त्यातल्या त्यात मऊ तुकडा वापरा. हा तुकडा चारी बाजूंनी न अडता फिरला की कड तयार झाली.

मग प्रायमरचे दोन हात, वर रंगाचे दोन पातळ हात. जाड हात मारू नका, परत तीच जाडीची भानगड. आणि रात्रभर तरी सुकू द्या. हाताला कोरडा लागणारा रंग आतून ओला असतो, त्यावर रबर चढवलं तर रबर रंगाला चिकटतं, दोरी ओढली की रंग सोलून निघतो आणि उघड्या पत्र्यावर परत गंज. एका दिवसात काच बसवून गाडी नेणाऱ्यांचं इथंच फसतं.

काचेवर रबर चढवणे आणि दोरी भरणे

खाटेवर गोधडी टाका, त्यावर काच, फुगीर बाजू वर. रबराची काचेची खाच कोणती आणि पत्र्याची कोणती ते परत एकदा बघा, लॉकपट्टीची बाजू बाहेर येणार, म्हणजे आत्ता वर. अखंड कडं असेल तर आधी चारी कोपरे बसवा, मग सरळ बाजू. मीटरवाल्या रबराचा जोड कोपऱ्यात कधीच आणू नका, वरच्या किंवा खालच्या बाजूच्या मधोमध ठेवा आणि रबर न ताणता, उलट एक सेंटीमीटरभर जास्त लांब कापून, टोकं एकमेकांवर रेटून बसवा. ताणून बसवलेलं रबर महिन्याभरात आपल्या मूळ लांबीवर जातं आणि जोडात फट पडते. रबर काचेवर बसलं की चार-पाच ठिकाणी काचेवरून आडवी चिकटपट्टी मारून ते धरून ठेवा.

आता दोरी. रबराचा पूर्ण घेर मोजा, त्यात एक मीटर मिळवा, तेवढी दोरी. दोरी जाते ती पत्र्याच्या खाचेत, सगळीकडून, तळापर्यंत. बोटाने भरत बसलात तर तासभर जाईल. दोरी मावेल अशी कुठलीही बारीक नळी घ्या, जाड स्केच पेनचं रिकामं नळकांडं चालतं, दोरी नळीतून ओवा आणि नळीचं टोक खाचेत घालून नुसतं ओढत फिरवा, दोरी मागे आपोआप बसत जाते. सुरुवात खाली मधोमध करा आणि शेवट पण तिथंच, टोकं वीतभर एकमेकांवरून जाऊ द्या आणि दोन्ही टोकं आतल्या बाजूला, म्हणजे केबिनच्या बाजूला, लोंबकळत ठेवा. टोकं सुटू नयेत म्हणून काचेला टेपने चिकटवून ठेवली तरी चालेल.

साबणाचं पाणी भरपूर. अर्धा मग पाण्यात दोन चमचे लिक्विड, आणि ते पत्र्याच्या कडेवर आणि रबराच्या खाचेत दोन्हीकडे लावा. ग्रीस, ऑइल, डिझेल लावू नका, पेट्रोलियमचा माल लागला की हे रबर फुगतं आणि मऊ पडतं. ऑइल लावून झटक्यात बसते हे खरं आहे, पण वर्षात रबर लोळायला लागतं.

बसवणे

बाहेर एक किंवा दोन माणसं, आत एक. बाहेरच्यांनी काच खालच्या कडेवर आधी टेकवायची, मग वर दाबत उभी करायची, आणि डावी-उजवीकडे सारखी जागा सुटलीय का ते आतल्याने बघून सांगायचं. हे मधोमध आणणं सोडू नका, नंतर काच सरकत नाही.

दोरीची दोन्ही टोकं आत आली आहेत. बाहेरच्याने खाली मधोमध उघड्या तळव्याने दाबून धरायचं आणि आतल्याने एक टोक हळू ओढायचं, काचेच्या मधल्या भागाकडे, पत्र्याशी काटकोनात. दोरी निघता निघता रबराचा आतला ओठ उचलते आणि तो पत्र्यावर टप् करून पडतो. तो आवाज एकदा ओळखीचा झाला की पुढं बघायची पण गरज पडत नाही, आवाज आला म्हणजे बसलं, नुसतीच दोरी सरकली आणि आवाज नाही म्हणजे ओठ खाली अडकलाय, थांबा, चिपेने तेवढाच ओठ वर काढा, मग पुढं.

एकीकडून वीत-दोन वीत, मग दुसऱ्या टोकाने तेवढंच, असं आलटून पालटून आधी पूर्ण खालची बाजू घ्या, मग दोन्ही खालचे कोपरे, मग दोन्ही बाजू चढत वर, शेवटी वरची बाजू मधोमध येऊन संपते. बाहेरच्या माणसाचा तळवा कायम दोरी जिथं आहे त्याच्या समोर पाहिजे, आतल्याने तोंडाने सांगत राहायचं, आता कोपरा, आता वर, आता थांब. मी आणि भाऊ बोलल्याशिवाय काम करत होतो दुसऱ्या वेळी, तो एकीकडे दाबत होता आणि मी दुसरीकडे ओढत होतो.

कोपऱ्यात अडलं की जोर वाढवायचा नाही. मूठ नाही, रबरी हातोडी नाही, बुटाची टाच पण नाही. साबणाचं पाणी परत सोडा, बाहेरच्याला उघड्या तळव्याने रबरावर (काचेवर नाही) थापट्या मारू द्या, आतून चिपेने ओठ उचला. तरीही जात नसेल तर काच उतरवा, कडेला तिथं काय आहे ते बघा आणि मग दोरी परत भरा. उतरवायचा कंटाळा येतो, मान्य आहे, पण काच परत घ्यायच्या खर्चापुढे अर्धा तास काहीच नाही.

मोठ्या सपाट काचा बसवणारे बसबॉडीवाले कधी कधी उलटं करतात, रबर आधी पत्र्यावर आणि काच मग बाहेरून त्यात सरकवतात. लॉकपट्टीवाल्या रबरात ते जमतं, पण वळणाच्या काचेला घरच्या घरी मला तरी दोरीच बरी वाटते.

लॉकपट्टी

काच बसली की लॉकपट्टी. ही नुसत्या हाताने जात नाही, खाच उघडून धरायला डोळ्याच्या आकाराचं एक हत्यार लागतं. बाजारात मिळतं, नाहीतर जाड स्टीलच्या तारेचा बदामासारखा फासा करून लाकडी मुठीत बसवा. फाशातून पट्टी ओवायची, टोक खाचेत घालायचं आणि साबणाच्या पाण्यात पुढं ओढत जायचं, फासा खाच उघडतो आणि पट्टी मागे बसते. इथं पण तोच नियम, पट्टी ताणायची नाही, दर वीतभराला थांबून बोटाने थोडी मागे रेटायची. शेवटी एक सेंटीमीटर जास्त ठेवून कापा आणि दाबून बसवा. रबराचा जोड वर असेल तर पट्टीचा जोड खाली घ्या, दोन्ही एका जागी नकोत.

पाण्याची परीक्षा आणि मसाला

बरेच जण बसवता बसवताच सगळीकडे सिलिकॉन मारतात. माझं मत वेगळं आहे, आधी सुकं बसवा, पाणी मारून बघा, मग लागेल तिथंच मसाला. म्हणजे चूक कुठं आहे ती कळते, झाकली जात नाही.

साधा पाईप, नळाचा प्रेशर, वॉशिंग सेंटरची गन नको. सुरुवात खालून करायची, दहा मिनिटं फक्त खालची कड, मग बाजू, मग वरची. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून वाहतं आणि नेमकं कुठून आलं ते कळत नाही. आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं आणि डॅशबोर्डवर कोरडा पेपर अंथरायचा, थेंब पडला की डाग दिसतो. आमच्या तिसऱ्या वेळी उजव्या वरच्या कोपऱ्यात रबर आणि पत्र्याच्या मधून एक थेंब मोत्यासारखा येऊन थांबला, पडला नाही, नुसता फुगत राहिला. तिथं चिपेने रबराचा बाहेरचा ओठ उचलला, सुकवलं आणि न सुकणारा काळा ब्युटाईलचा मसाला नळीने आत सोडला, ओठ परत बसवला. बाहेर आलेला मसाला रॉकेलच्या फडक्याने लगेच पुसला आणि लगेच साबणाने धुतलं, रॉकेल रबरावर राहू द्यायचं नाही.

मसाला न सुकणाराच घ्या. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते पत्र्याजवळ नकोच, सुकताना त्यातून ॲसिड निघतं आणि जिथं रंगाला ओरखडा आहे तिथं गंज लागतो. आणि चिकटवायचं पीयू रबराच्या काचेला लावू नका, पुढच्या वेळी काच काढताना रबर, रंग आणि तुमचा दिवस तिन्ही जातात.

नंतरची कामं

वायपर मोजलेल्या जागेवर लावा, पाती नवीन टाका, जुन्या पात्यात अडकलेली एक खडी नव्या काचेवर पहिल्याच दिवशी अर्धवर्तुळ काढते. वायपर ओल्या काचेवर चालवून बघा, रबराला घासत नाही ना. फास्टॅग आतून मधोमध वरती, आरशामागे. आमच्या घरच्या अण्णांना काचेच्या वरच्या भागावर खंडोबाचं नाव मोठ्या अक्षरात पाहिजे होतं, पहिल्या काचेवर होतंच, पण सकाळी उन्हाकडे तोंड करून घाट उतरताना ती अक्षरं डोळ्यापुढे येतात, म्हणून ते आम्ही काचेच्या वर केबिनच्या फळीवर पेंटरकडून छान पिवळ्या रंगात लिहून घेतलं, अण्णांना पण आवडलं.

पहिले दोन दिवस गाडी रिकामी किंवा हलका माल घालून चालवा आणि दरवाजे आपटताना एक काच उघडी ठेवा, केबिन बंद असताना दरवाजा आपटला की आतल्या हवेचा दाब काचेवर येतो. साबण सुकायला चार-पाच दिवस जातात, तोपर्यंत रबर थोडं सरकतं. पंधरा दिवसांनी लॉकपट्टीचा जोड बघा, उघडला असेल तर बोटाने दाबत मागून पुढं आणा. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली मारायची सवय असेल तर ती मोडा, कडेला बारीक टवका असेल तर तेवढ्याने तडा जातो.

पावसाळ्याआधी दरवर्षी मी खालच्या दोन कोपऱ्यांत रबराचा ओठ उचलून आतली माती ब्रशने काढतो आणि साध्या पाण्याने धुतो, दहा मिनिटं लागतात. आणि जुन्या रबराचा वीतभर तुकडा, त्यातल्या त्यात चांगला, वर स्केच पेनने गाडीचं मॉडेल लिहून टूलबॉक्समध्ये टाकून ठेवलाय, पुढच्या वेळी दुकानात दाखवायला.